मुका मार, उजवा खांदा

माझ्या आजाराला आजार म्हणायचं की नाही, इथूनच घोळ आहे. ताप नव्हता, टाके नव्हते, प्लास्टर नव्हतं. एका रविवारी सकाळी स्कूटरवरून पडलो आणि पुढचे आठ महिने उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. मान डावीकडे वळत नव्हती. बघणाऱ्याला मी धडधाकट दिसायचो. डॉक्टर याला सॉफ्ट टिश्यू इंजुरी म्हणतात. आपल्याकडे म्हणतात मुका मार.

मी जिथे व्यायामाला जायचो तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखे खूप जण येतात. काय होतंय ते त्यांना घरच्यांनाही पटवता येत नाही. लिहा की तुम्ही." म्हणून लिहायला बसलो. अशा दुखण्याचा विम्याचा दावा कसा करायचा, कोणते कागद सांभाळायचे, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. तेही लिहिणार आहे. पण दोन पानं झाल्यावर लक्षात आलं की एक गोष्ट वगळली तर बाकीच्यालाही अर्थ नाही. ती गोष्ट मी चार महिने कुणाला सांगितली नव्हती.

मुळात मी कमी बोलणारा. ओझरच्या बाजूला एका कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी विभागात आहे. सुट्या भागांची मापं घ्यायची, भाग नापास झाला की चिठ्ठीवर कारण लिहायचं. 'ऑपरेटरची चूक' हे कारण मी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप तिकडे वळतो. ते लिहिलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

तो रविवार

माझी बायको वैशाली प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या संस्थेने तिला देवळाली कॅम्पकडच्या शाळेत पाठवलं. आमच्या जेल रोडहून तिथे जायला दोन रिक्षा लागतात, आणि दुसरी भरल्याशिवाय हलत नाही. रोज उशीर, रोज मस्टरवर लाल शेरा. शेवटी सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने शिकाऊ लायसन्स काढलं. शिकवणारा मी. शिकवणारा म्हणजे मागच्या सीटवर बसून ओरडणारा.

कॉलनीच्या मागे नवा डीपी रोड झालाय. अजून फारशी रहदारी नाही, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट, पुढे एक द्राक्षबाग. रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो. त्या दिवशी आमचा पाचवा की सहावा रविवार होता, आणि तिला बऱ्यापैकी जमू लागलं होतं. हेल्मेट दोघांनीही घातलं नव्हतं, हे सांगायलाही लाज वाटते.

बागेजवळच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. तिने तो पाहिला होता. तिचा वेग कमी झाला होता, गाडी ती कडेला घेत होती. मागे बसून मला ते कळत होतं. तरीही माझ्या मनाने घेतलं की हिला ट्रॅक्टर दिसलेला नाही. "अगं ब्रेक, ब्रेक!" म्हणून ओरडलो आणि तिच्या खांद्यावरून पुढे वाकून तिच्या उजव्या हातावर माझा हात टाकला. बोटं ब्रेकवर जायला हवी होती. माझ्या पंजाने तिच्या हातासकट ॲक्सिलरेटरची मूठच पिळली.

सगळं इतकं झटक्यात झालं की तिच्या हातावरचा माझा हात तिला कळलाच नाही. स्कूटर उसळली, कडेच्या खडीच्या ढिगावर चढली आणि उजवीकडे कलंडली. माझा उजवा हात पुढे ताणलेलाच होता, तसाच जमिनीवर आपटला आणि अंगाचा सगळा भार खांद्यावर आला. मानेला हिसका बसला. वैशालीचा गुडघा फुटला, तळहात खरचटला.

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला. "लय लागलं का हो मावशी?"

वैशाली रस्त्यावरच बसली होती, स्वतःच्या हाताकडे बघत. "माझ्याच हातून मूठ पिळली गेली," ती त्याला सांगत होती. "ब्रेक दाबायचा सोडून मी मूठच पिळली हो."

"व्हतं असं शिकताना. काकांचं काय?"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. त्या क्षणी खरं सांगणं अगदी सोपं होतं, पुन्हा तितकं सोपं कधीच झालं नाही. मी म्हणालो, "काही नाही. मुका मार आहे."

काही नाही

तीच चार अक्षरं मी दवाखान्यातही म्हणालो. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, मान दुखतेय का? नाही. हाताला मुंग्या? नाही. चक्कर? नाही. खरं तर दुखत होतं, मुंग्याही येत होत्या. पण एकदा दुखतंय म्हटलं की पुढे कसं पडलात विचारतील, आणि शेजारी वैशाली पट्टी बांधून घेत बसली होती. एक्स-रे निघाला. हाड शाबूत. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. केसपेपरवर त्यांनी लिहिलं ते माझ्याच तोंडचं होतं: मुका मार, उजवा खांदा, रुग्णाची इतर तक्रार नाही.

दाव्याबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथेच सांगतो. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर जे लिहिलं जातं तेच पुढे खरं धरतात. हाड मोडलं तर ते चित्रात दिसतं. स्नायूचं दुखणं कशातच दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच. म्हणून जिथे जिथे दुखतंय, बधिर वाटतंय, ते सगळं सांगा आणि लिहून घ्या. पुरुषासारखे पुरुष म्हणून दात आवळून बसू नका. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशीच परत जा, तेही कागदावर येऊ द्या.

मी तीन आठवडे गेलो नाही. घरीच वाळूचा शेक घेतला, मलम लावलं. पंचवटीतल्या एका मालिशवाल्याकडे गेलो. त्याने खांदा असा रगडला की तिथेच डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "साहेब, गाठ सुटतीये." गाठबिठ काही सुटली नाही. तिसऱ्या आठवड्यात कंगवा केसांपर्यंत पोचेनासा झाला. शर्टाची बाही चढवायला दहा मिनिटं लागायची. कंपनीच्या बसमध्ये वरची दांडी पकडता येत नव्हती. कारखान्यात मायक्रोमीटर उचलून डोळ्यांसमोर धरला की हात थरथरायचा, माप चुकायचं.

आणि सहानुभूती शून्य. प्लास्टर असतं तर लोकांनी सही केली असती त्यावर. आमचे शिफ्ट इनचार्ज म्हणाले, "सुट्टी कशाबद्दल लिहू? दिसत तर काहीच नाही." जेवणाच्या सुट्टीत एकाने विनोद केला, "मुका मार म्हणजे कसं, वहिनींनी आधी मुका दिला, मग मार दिला." सगळे हसले. मीही हसलो. हसताना मान दुखली.

घरी रोज सकाळी वैशाली माझ्या शर्टाची बटणं लावायची. खालून वर, एकेक. माझ्याकडे वर बघायची नाही. स्कूटरवर तिने जुनी चादर टाकली होती. ती दोन रिक्षांनीच शाळेत जात राहिली.

अक्का

नांदगावहून माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. आई गेल्यापासून तीच आईच्या जागी आहे, आणि आईपेक्षा तिचा आवाज मोठा आहे. दारातच पिशवी ठेवून तिने माझा खांदा चाचपला.

"सुधा, तू बसलाच कशाला रे हिच्या मागं?"

"अगं अक्का, शिकवत होतो."

"शिकवत होता! आपल्या घरात कोणत्या बाईनं गाडी हाणली आजवर? मला तर सायकल बी येत नाय. काय अडलं माझं?" मग वैशालीकडे वळून, "नवरा चांगला ठणठणीत होता तुझा. बस आता त्याची बटनं लावत."

वैशाली म्हणाली, "चुकलंच माझं अक्का." आणि पोळ्या लाटायला गेली.

अक्का आठ दिवस राहिली. वाईट बाई नाही ती. माझ्यासाठी मेथीचे लाडू केले, दोन्ही वेळा शेक दिला. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिने गोष्ट सांगितली, आणि दर वेळी ट्रॅक्टर थोडा मोठा होत गेला. पुण्याहून आमचा मुलगा रोहन फोनवर म्हणाला, "आई, तू आता गाडीला हात लावू नकोस, प्लीज." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. मला काय दुखत होतं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. का दुखत होतं ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

लोक विचारतील, सांगितलं का नाहीस? मलाही याचं नीट उत्तर नाही. पहिल्या दिवशी घाबरलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काल का नाही सांगितलं असं विचारतील. मग प्रत्येक दिवसागणिक ते एकेक दिवसाने जड होत गेलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची लिहिता आली नाही, एवढंच म्हणतो.

निदान

शेवटी वैशालीनेच ओढून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय झाला. त्या यंत्रात मला भीती वाटली, हे कबूल करतो. डोकं पिंजऱ्यात, कानांवर ठाकठाक आवाज, आणि मनात एकच विचार, हात असाच राहिला तर कंपनी मला ठेवेल का. मला मापं घेण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर पांढरी रेघ दाखवली. खांद्याच्या स्नायूला अर्धवट चीर, मानेच्या लिगामेंटला ताण. ऑपरेशनची गरज नाही, पण व्यायाम बरेच महिने, आणि मालिश ताबडतोब बंद. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दुखण्याला नाव मिळालं होतं. बाहेर जाऊन तो फोटो शिफ्ट इनचार्जच्या नाकासमोर धरावासा वाटला.

मग डॉक्टरांनी हात पुढे ताणून दाखवला. "पडताना हात असा होता का? काही पकडायला गेला होतात?"

वैशाली म्हणाली, "मला सावरायला गेले असणार हो डॉक्टर. त्यांनी हात पुढे केला नसता तर त्यांना काहीच झालं नसतं."

डॉक्टर कौतुकाने हसले. मी पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिलो. निदानाचा दिवस म्हटला की लोकांना आजाराचं नाव आठवतं. मला हे वाक्य आठवतं.

रकाना नववा

कंपनीतर्फे आमची अपघात विमा पॉलिसी होती. काम करता आलं नाही तर त्या काळाची भरपाई आणि उपचारांचा खर्च. माझी हक्काची रजा संपत आली होती, म्हणून दावा करायचं ठरलं. ओळखीचे एजंट देवरे घरी आले. फॉर्म चार पानी होता. आठव्या रकान्यापर्यंत नाव, पत्ता, तारीख, वार. नववा रकाना: अपघात कसा घडला, थोडक्यात लिहा. खाली चार ओळींची जागा.

देवरेंनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," वैशाली म्हणाली. "शिकाऊ लायसन्स आहे माझं."

देवरेंनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, शिकाऊ म्हटलं की भानगडी. सरळ लिहा, साहेब चालवत होते, तुम्ही मागे होतात. गाडी घसरली, विषय संपला."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तेव्हा मी नाही म्हणेन अशी तिची अपेक्षा होती. मी खोटं बोलणारा माणूस नाही अशी माझी घरात ख्याती होती. मी पेन घेतलं आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: मी गाडी चालवत असताना खडीवरून घसरून पडलो. साक्षीदार म्हणून वैशालीने सही केली.

देवरे गेल्यावर ती म्हणाली, "माझं नाव येऊ नये म्हणून तुम्ही खोटं लिहिलंत. मी विसरणार नाही हे."

अक्काला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "सोन्यासारखा भाऊ हाय माझा. बायकोचं नाव कागदावर नाय येऊ दिलं."

मी करून ठेवलेलं पाप असं माझ्याच पुण्याईत जमा होत होतं.

मुंगीसारखं

त्या महिन्यांतल्या बऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. रोज दुपारी चारला फिजिओथेरपी. भिंतीवर आकडे लिहिलेले असतात, बोटांनी चढत जायचं. आज बारा, उद्या साडेबारा. माझ्या शेजारी एक निवृत्त काका असायचे, त्यांचाही खांदा आखडलेला. ते म्हणायचे, "चढ राजा, मुंगीसारखा चढ. मुंगीला कुणी विचारतं का किती वाजले?" त्यांच्या खिशात नेहमी शेंगदाण्याची चिक्की. ज्याचा आकडा वाढेल त्याला एक तुकडा. पन्नाशी उलटलेला माणूस चिक्कीसाठी जीव तोडून भिंत चढतोय, हे मी केलंय.

तिथे कुणी 'दिसत तर काही नाही' असं म्हणायचं नाही. तेवढ्यानेही बरं वाटायचं.

दुखण्याबद्दल एक सांगतो, उपयोगी पडेल. स्नायू सरळ रेषेत बरा होत नाही. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलवत नाही. त्या दिवशी खचायचं नाही. मी खचायचो, आणि मग सगळा राग वैशालीवर निघायचा. भाजीत मीठ कमी, टॉवेल लांब. ती ऐकून घ्यायची. तिला वाटायचं, तिची तीच शिक्षा आहे. ती ऐकून घेते आहे हे बघून मी आणखी चिडायचो.

निकम मॅडम

अपघाताला चार महिने होत आले तेव्हा विमा कंपनीकडून तपासणीसाठी एक बाई आल्या. निकम आडनाव, चाळिशीच्या, पायात स्पोर्ट्‌स शूज, हातात फाईल. शनिवारची दुपार होती, वैशाली घरी होती. त्यांना कागदांत दोन गोष्टी खटकत होत्या. पहिल्या केसपेपरवर 'इतर तक्रार नाही' आणि तीन आठवड्यांनी एवढं मोठं निदान, हे कसं? मी उत्तर दिलं, ते खरं होतं: घाबरलो, लपवलं, मालिशवाल्याकडे गेलो.

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि हे बघा, तुम्ही चालवत होतात. हँडल धरलेल्या माणसाचा हात असा लांब ताणून आपटत नाही सहसा. बसून दाखवता का मला, कसे होतात ते?"

मी खुर्चीवर बसून हवेत हँडल धरलं. त्या बघत राहिल्या. चहाचा कप घेऊन आलेल्या वैशालीला त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही मागेच होतात ना?"

"हो," वैशाली म्हणाली. कप तिने त्यांच्यापुढे ठेवला.

निकम मॅडमनी फाईल मिटली. आवाज चढवला नाही. "साहेब, मी रोज हेच काम करते. एक सांगू का? तुमची पॉलिसी तुमच्या शरीराची आहे, गाडीची नाही. तुम्ही मागे बसला असतात तरी चाललं असतं. लोक उगाचच लिहितात काहीतरी, कुणाच्या तरी सांगण्यावरून, आणि मग खरं दुखणंसुद्धा खोटं दिसायला लागतं."

म्हणजे ते खोटं लिहायची गरजच नव्हती.

वैशाली खाली बसली. मला वाटलं रडेल. उलट तिचा चेहरा मोकळा झाला. "मग मॅडम, लिहा तुम्ही खरं. गाडी मी चालवत होते. ट्रॅक्टर बघून घाबरले आणि माझ्या हातून मूठ पिळली गेली. यांनी मला सावरायला हात पुढे केला. माझं नाव नको म्हणून यांनी स्वतःवर घेतलं. यांची काही चूक नाही."

"असा जबाब द्याल? सही लागेल."

"देते की. चार महिने छातीवर धोंडा होता. आणा."

निकम मॅडम कोऱ्या कागदावर लिहायला लागल्या. अक्षर स्वच्छ, ओळ सरळ. मी समोरून उलटं वाचत होतो. 'मी, गाडीची चालक, माझ्या चुकीमुळे...'

चुकीचं कारण चिठ्ठीवर पक्कं होताना मी हजार वेळा बघितलंय. एकदा सही झाली की तो भाग, ते मशीन, तो माणूस कायमचा तसा ठरतो. वैशालीने पेन घ्यायला हात पुढे केला. तोच उजवा हात.

"थांबा," मी म्हणालो. "तसं लिहू नका."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मूठ मी पिळली. तिला ट्रॅक्टर दिसला होता. ती नीट चालवत होती. मी मागून हात घातला तिच्या हातावर. ब्रेक दाबायला गेलो आणि मूठ पिळली गेली. सावरायला वगैरे काही नाही."

निकम मॅडमनी वैशालीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग तो कागद दोन तुकडे करून फाईलमध्ये ठेवला. "मग जबाब तुमचा घ्यावा लागेल," त्या मला म्हणाल्या. "सांगा, सावकाश."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. सही डाव्या हाताने केली. चहाचा कप भरलेलाच राहिला.

पुढचं थोडक्यात

दाव्याचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. नामंजूर झाला. कारण: दावेदाराने फॉर्ममध्ये चुकीची माहिती दिली. कारण बरोबर होतं, मी दाद मागितली नाही. देवरे म्हणाले, "साहेब, गप्प बसला असतात तर निभावलं असतं." असेल. फॉर्म भरणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नवव्या रकान्यात जे घडलं तेच लिहा, चार ओळी पुरतात. बिनपगारी रजा झाली, ती सोसली. हात आता बराचसा वर जातो. थंडीत खांदा ठणकतो.

वैशाली पुढे स्कूटर शिकली, पण माझ्याकडून नाही. तिच्या शाळेतल्या पवार बाईंकडून. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एके सकाळी पार्किंगमध्ये स्कूटर नव्हती आणि चादर घडी करून ठेवलेली होती, त्यावरून कळलं.

पण त्या शनिवारचं अजून राहिलंय. निकम मॅडम गेल्या, दार लागलं, आणि वैशाली माझ्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली. वर्गात पोरांची उत्तरं ऐकताना बसते तशी.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पडलो तेव्हापासून."

"म्हणजे मी रस्त्यावर बसून त्या माणसाला सांगत होते तेव्हा?"

"हो."

"डॉक्टरांसमोर मी म्हटलं, मला सावरायला गेले, तेव्हाही?"

"हो."

"अक्का बोलल्या तेव्हा?"

"हो."

"आणि रोज सकाळी बटणं लावताना?" माझ्या 'हो'साठी ती थांबली नाही. "रोज एकेक बटण लावताना मी मनात तुमची माफी मागत होते. खालून वर, सातही बटणं. तुम्ही वरून बघत होतात."

मी म्हणालो, चुकलं. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी आणखी काहीतरी बोलायला गेलो, घाबरलो होतो वगैरे. तिने हात वर केला.

"मला नका सांगू. मला आत्ता कळलंय. ज्यांना चार महिने दुसरंच माहीत आहे त्यांना सांगा. अक्कांना फोन लावा."

"उद्या सांगतो. आत्ता ती..."

"आत्ता. स्पीकरवर."

मी फोन लावला, टेबलावर ठेवला. दोनदा वाजला.

"काय रे सुधा, खांदा कसा हाय?"

"बरा आहे. अक्का, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी गाडी पडली ना, ती वैशालीमुळे नाही पडली."

"काय म्हणतो? इथं गिरणी चालू हाय बाजूला. मोठ्यानं बोल जरा."

मी वैशालीकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती. मी मोठ्याने बोललो. मूठ मी पिळली, ती बरोबर चालवत होती, मी सगळ्यांना फसवलं. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्याने.

मग अक्का म्हणाली, "वैशाली हाय का तिथं?"

"आहे, अक्का."

"मग तू बोल ना काही. गप का तू?"

"चार महिने मीच बोलतेय अक्का, चुकलं माझं, चुकलं माझं. आज त्यांना बोलू द्या."

अक्काला बोलायला काही सुचलं नाही. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच. "फोन ठेवते," एवढंच म्हणाली, आणि ठेवला.

वैशालीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. रोहन. तिचा भाऊ. खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांना तर अक्कांनीच सांगितलंय. तिची मावशी.

"आणि शाळेत?" मी विचारलं. "तिथेही मी येऊन सांगू का?"

"तिथे मी सांगेन," ती म्हणाली. "तिथे तुमची गरज नाही." आणि फोन माझ्याकडे सरकवला. "रोहन आत्ता जेवायला बाहेर पडला असेल. लावा."

मी रोहनचा नंबर लावला.